चार बोटं उघडी काच

सीझन सुरू व्हायच्या आधी महिना-दीड महिना उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजवर पोरांची ये-जा वाढते. कुणाला जेट बदलून हवा असतो, कुणाला फोर्कचं ऑइल. त्यातलं एखादं पोरगं काम झालं तरी रेंगाळतं, जुन्या टायरवर बसतं आणि मग विचारतं, "मामा, कुत्र्याला रेसला नेलं तर चालंल का? तुम्ही हरणीला नेत होतासा न्हवं?"

नेत होतो. दोन वर्षं नेली. कोइमतूर, चेन्नई, नाशिक, शिवाय आपल्याकडच्या मातीच्या शर्यती. त्या दिवसांतला तिचा फोटो अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे आणि तो बघूनच पोरं विचारतात. फोटोत ती पॅडॉकमध्ये माझ्या हत्यारांच्या पेटीशेजारी उभी आहे, मान ताठ, एक पाय उचललेला. त्या फोटोनंतर दहा महिन्यांनी तिचं काय झालं, ते भिंतीवर नाही. म्हणून लिहायला बसलोय.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. ट्रॅकवर तुमच्या हातात पाना असणार असेल, तर कुत्र्याला नेऊ नका. न्यायचंच असेल, तर ज्याला कुत्र्याशिवाय दुसरं काहीही काम नाही असा एक माणूस बरोबर घ्या. "बघतील सगळे मिळून" असं ठरवून नेऊ नका. आमच्याकडेही सगळे मिळूनच बघत होते.

हरणी २०१४ च्या दिवाळीनंतर आली, मुठीत मावेल एवढी. मुधोळच्या बाजूच्या एका मेंढपाळाकडून आणली. आई कारवान जातीची, बाप गावातलाच कुणीतरी. लांब पाय, आत गेलेलं पोट आणि हरणासारखा रंग, म्हणून नाव हरणी. घरी मी आणि आई दोघंच. आईचे गुडघे तेव्हा फार दुखायचे, मी आठ-आठ दिवस बाहेर, तेवढे दिवस या पिल्लाच्या मागं धावणार कोण? पहिल्यांदा नेली ती अशी, नाइलाजानं. नंतर मात्र मला तिच्याशिवाय जाववेना, हेही खरं आहे. कोल्हापूरहून हायवेला लागलं की बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर करत तोच ४८ नंबरचा महामार्ग थेट चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकला नेऊन सोडतो. सुमारे साडेनऊशे किलोमीटर. टेम्पोत मागं दोन बाइक, टायर, जनरेटर. पुढं ड्रायव्हर, मी आणि मधे हरणी. रात्री दोनला धारवाडच्या पुढं ड्रायव्हरच्या डोळ्यांवर झापड यायला लागली की ती उठून त्याच्या कोपराला नाक लावायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ट्रॅकवरही तिचं कौतुक व्हायचं. करी मोटर स्पीडवेवर, म्हणजे कोइमतूरजवळच्या चेट्टिपाळयमच्या दोन किलोमीटर आणि वर थोड्या लांबीच्या त्या ट्रॅकवर, तर चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळे तिला नावानं हाक मारायचे. तो ट्रॅक ज्यांच्या नावाचा, त्या एस. करिवर्धन यांनी कमी पैशांत रेसिंगच्या गाड्या बांधून देशातल्या कितीतरी पोरांना या खेळात आणलं. तिथल्या जुन्या मेकॅनिक लोकांना त्यांच्याबद्दल बोलताना ऐकत मी संध्याकाळी बसायचो आणि हरणी माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपायची. आयुष्यातले फार चांगले दिवस होते ते. तुम्हाला तुमचं कुत्रं बरोबर का हवंय, हे मला कुणी सांगायला नको.

इशारा पहिल्याच वर्षी मिळाला होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाबाहेर मातीचा ट्रॅक, पाच-सहा हजार लोक, कडेला बांबू आणि दोरी. मी हरणीला टेम्पोच्या हुकाला बांधून स्टार्ट लाइनवर गेलो होतो. पट्टा चांगला जाड चामड्याचा होता. पण हरणीच्या जातीचं डोकं निमुळतं असतं आणि मान डोक्यापेक्षा जाड. मागं सरकून मान खाली घातली की साधा पट्टा कानावरून सरळ निघून येतो. झेंडा पडला, वीस गाड्या एकदम सुटल्या आणि समोर काहीतरी पळतंय म्हटल्यावर शेकडो वर्षं सशामागं पळत आलेल्या त्या रक्तानं जे करायचं तेच केलं. मी वळून पाहिलं तेव्हा ती दोरीखालून आत गेली होती. दुसऱ्या वळणावर चौथ्या नंबरच्या पोरानं तिला वाचवायला हँडल वळवलं आणि तो पडला. मागच्यानं त्याला कसाबसा चुकवला. पोराचं मनगट मुरगळलं, हाड वाचलं. शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली. मी त्याच्या वडलांसमोर हात जोडून उभा राहिलो. ते एवढंच म्हणाले, "पोरगं हाय माझं, मामा."

तो आवाज मला अजून ऐकू येतो. ज्याला वाटतं की कुत्र्याला नेणं ही फक्त आपली आणि कुत्र्याची बाब आहे, त्यानं मातीच्या ट्रॅकच्या दुसऱ्या वळणावर एकदा उभं राहावं. कुंपण घातलेले मोठे ट्रॅकही यातून सुटत नाहीत. २८ ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीचा पहिलाच सराव चालू होता. ट्रॅकवर एक भटकं कुत्रं आलं आणि जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांना लाल झेंडा दाखवावा लागला. ते कुत्रं कुणाचं नव्हतं. हरणी माझी होती.

त्यानंतर मी तिला ओढ बसली की आवळणारा पट्टा आणला, छातीवरचा हार्नेसही आणला आणि दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या लावायला लागलो. कारवान, मुधोळ, पश्मी, ग्रेहाउंड असलं अंगलटीचं कुत्रं असेल तर हे कराच. दोरी टेम्पोच्या हुकाला, कॅनोपीच्या पायाला किंवा बाइकच्या स्टँडला बांधू नका. दोरीचं दुसरं टोक माणसाच्या हातात हवं. पट्ट्यावर फोन नंबर आकड्यांत कोरून घ्या. तमिळनाडूत हरवलेल्या कुत्र्याच्या गळ्यातलं मराठी नाव कुणाला वाचता येणार? नंबर कुणीही लावू शकतो.

पट्टा बदलला आणि मला वाटलं, धडा शिकलो. खरा प्रश्न पट्ट्याचा नव्हताच. झेंडा पडताना माझं लक्ष गाडीवर होतं. ते गाडीवरच असायला हवं होतं, मला त्याचेच पैसे मिळत होते. ही गोष्ट मला कळायला आणखी एक वर्ष लागलं.

तो ट्रॅक कुठला हे मी लिहीत नाही. चूक माझी होती, जागेची नव्हती. दक्षिणेतला, समुद्र फार लांब नाही अशा जागेचा. शनिवारचा दिवस. उन्हाळा सरला होता, ढगही होते, हवा ३२ अंशांच्या आसपास असेल. कोल्हापूरच्या माणसाला ३२ अंश म्हणजे काहीच नाही. पण तिथली हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. सकाळी आठला आम्ही टेम्पो कडुलिंबाखाली लावला. चांगली दाट सावली होती. पॅडॉकमध्ये त्या दिवशी गर्दी, इंजिनांचा आवाज, हरणी बेंचखाली शिरून थरथरत होती. मी तिला केबिनमध्ये नेलं, पाण्याचं भांडं ठेवलं, दोन्ही काचा चार-चार बोटं खाली केल्या आणि गॅरेजच्या पोराला सांगितलं, "अधूनमधून बघ रे." पोरगं "व्हय मामा" म्हणालं.

दहा-वीसला क्वालिफाइंग सुरू झालं आणि दुसऱ्याच लॅपला गाडी मिसिंग मारायला लागली. पिटमध्ये घेतली. प्लग बदलला, तरी तेच. कॉइल बघितली. मग टाकी काढून वायरिंग. मी ज्या पोराला हरणीकडे बघायला सांगितलं होतं, त्यालाच हाक मारून टॉर्च धरायला लावला. मीच. लूज कनेक्शन सापडलं, गाडी गेली, मी घड्याळ धरून भिंतीवर उभा राहिलो. अकरा वाजून गेले होते. कुणीतरी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. झाकण उघडताना मला आठवण झाली.

झाडाची सावली सरकली होती. एवढंच झालं होतं. सूर्य आपल्या वाटेनं वर आला होता आणि सावली टेम्पो सोडून शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन पडली होती. लांबूनच मला केबिनच्या काचा पांढऱ्या दिसल्या. जवळ गेल्यावर कळलं, आतून वाफ धरली होती. तिच्या धापांची. पाण्याचं भांडं उलटं झालं होतं, सीटच्या रेक्झिनवर लाळेचे चिकट दोर आणि दाराच्या कडेच्या रबरावर नखांचे ओरखडे. ती स्टिअरिंगखाली पेडलजवळ, गाडीतल्या सगळ्यात खालच्या जागी, आडवी पडली होती. दार उघडल्याच्या आवाजानं तिनं मान उचलली नाही. जीभ विटेच्या रंगाची, टोकाला चमच्यासारखी रुंद झालेली. उचलली तेव्हा तिचं पोट माझ्या हाताला तापलेल्या इंजिनकेससारखं लागलं.

मी तिला गोणपाटात गुंडाळून गाडीत घालून डॉक्टरकडे पळायला निघालो होतो. तिथल्या एका टायरवाल्या अण्णानं मला दंडाला धरून थांबवलं. "तण्णी, तण्णी," म्हणत त्यानं तिला माझ्या हातातून घेतलं, सावलीत जमिनीवर ठेवलं आणि ड्रममधलं पाणी बादलीनं तिच्या अंगावर ओतायला लागला. मी ओलं गोणपाट तिच्यावर टाकलं, ते त्यानं ओढून फेकून दिलं. पिटमध्ये रेडिएटर गार करायला ठेवलेला मोठा पंखा त्यानं पोरांकडून आणवला आणि तिच्यासमोर लावला. बादल्यांवर बादल्या. दहा मिनिटांनी तिचे डोळे माझ्याकडे वळले. मग ओल्या अंगानं, काचा उघड्या ठेवून तिला दवाखान्यात नेलं.

थर्मामीटरनं १०६ दाखवले. एवढं पाणी ओतल्यावर १०६. डॉक्टरबाई तरुण होत्या. हात चालवता चालवताच त्यांनी मला इंग्रजीत बजावलं की पाणी न ओतता आणली असती तर मी हिला वाचवू शकले नसते.

दोन रात्री सलाइन. दुसऱ्या दिवशी रक्ताचे जुलाब सुरू झाले, हिरड्यांवर लाल ठिपके आले. उष्माघातात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, हे मला तेव्हा समजलं. जनावर शुद्धीवर आलं, उभं राहिलं, म्हणजे सुटलं असं नसतं. पुढचे दोन-तीन दिवस खरे. मूत्रपिंड, आतडी, यकृत यांना त्या तासाभरात जे झालेलं असतं, ते तेव्हा वर येतं. त्यामुळं कुत्रं बरं दिसत असलं तरी त्याला दाखवाच, रक्त तपासून घ्याच.

नंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं आणि भेटेल त्या डॉक्टरांना विचारलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांच्या गादीला. अंग गार करायचं ते धापा टाकून, जिभेवरची आणि घशातली ओल हवेत उडवून. हवाच दमट असेल तर ओल उडत नाही. मग ते आणखी जोरात धापा टाकतं, आणि धापा टाकणं हेसुद्धा स्नायूंचं कामच, त्यानं अंग आणखी तापतं. म्हणून किनारपट्टीवरचे ३२ अंश सोलापूरच्या ३८ अंशांपेक्षा कुत्र्याला वाईट ठरू शकतात. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. १०४ च्या वर गेलं की धोका, १०६ ला जीव टांगणीला.

काचांबद्दलही सांगतो, कारण "काच थोडी उघडी होती की" हे मी स्वतःला कितीतरी महिने सांगत होतो. २००५ साली अमेरिकेत बंद गाड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या गाडीच्या आतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी ४० फॅरनहाइट, म्हणजे २२ सेल्सिअस अंशांनी चढते, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच दीड इंच खाली केली तरी फारसा फरक पडत नाही. माझी चार बोटं म्हणजे जेमतेम तीन इंच. बाहेर २२-२३ अंश, म्हणजे कोल्हापुरातली हिवाळ्यातली सुखाची सकाळ असली तरी हे होतं. एसी चालू ठेवून जातो म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. एसी इंजिनवर चालतो, आणि इंजिन बंद पडू शकतं हे मेकॅनिकला कुणी शिकवायला नको. थांबलेल्या गाडीत कुत्रं एकटं ठेवायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. शर्यतीच्या दिवशी पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांत संपलंय, असं मी तीस वर्षांत क्वचितच पाहिलंय.

आणि तसं झालंच, तर अण्णानं केलं तेच करा. आधी गार करा, मग हलवा. साधं नळाचं, ड्रमचं, मिळेल ते पाणी भरपूर ओता, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी पुढं ठेवा, पण तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. थर्मामीटर माणसांचाच, साधा डिजिटल, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून. १०३ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर अंग गरजेपेक्षा जास्त थंड पडतं. माझ्या हत्यारांच्या पेटीत आता फीलर गेजच्या शेजारच्या कप्प्यात थर्मामीटर असतो. आपल्या मुक्कामापासून जवळचा जनावरांचा दवाखाना कुठला, रविवारी उघडा असतो का, हे निघण्याआधी घरूनच फोन करून विचारा. आम्ही त्या दिवशी दोन बंद दारं बघून तिसऱ्याकडे पोचलो होतो.

नाक बसकं असलेली कुत्री, पग, बुलडॉग वगैरे, तर मुळीच नेऊ नका. लुइस हॅमिल्टनचा रोस्को हा बुलडॉग पॅडॉकमध्ये फिरताना सगळ्या जगानं पाहिला आणि आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात तेच चित्र बसलंय. पण जगज्जेत्याच्या दिमतीला माणसं असतात, गार खोल्या असतात, हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. २०२५ च्या सप्टेंबरात रोस्को गेला तेव्हा हॅमिल्टननं लिहिलेलं वाचून मी गॅरेजमध्ये बसून रडलो. त्या माणसाचं प्रेम खरं होतं. आपलंही खरंच असतं. पण आपल्याकडे त्याची सोय नसते आणि उन्हाला प्रेम कळत नाही.

आवाजाचं मला फार उशिरा उमगलं. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. आपण पिटमध्ये कानात बोळे घालतो. त्याचं काय? हरणी बेंचखाली गप्प बसायची आणि मी लोकांना अभिमानानं सांगायचो, बघा किती शांत आहे. ती शांत नव्हती, भेदरलेली होती. शेपूट पोटाखाली, पुन्हापुन्हा जांभया, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, हातातला आवडीचा तुकडाही न घेणं. यातलं काहीही दिसलं तर तिथून उठा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय, ती जागा कुत्र्याची नाही.

पॅडॉकची जमीन हेही एक संकट आहे. डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पालथा हात सात सेकंद ठेवून बघा, ठेववला नाही तर त्यावरून कुत्र्याला चालवू नका. त्या जमिनीवर काय काय सांडलेलं असतं ते तर विचारूच नका. सर्किटवरच्या बाइकमध्ये बहुतेक ठिकाणी ग्लायकोलचा कुलंट चालत नाही, कारण सांडला तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून रेडिएटरला पाणी घालतात. पण टेम्पोत, जनरेटरमध्ये, रॅलीच्या गाड्यांत तो असतोच. चवीला गोड लागतो, कुत्रं आवडीनं चाटतं. आधी ते प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग काही तास बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर मूत्रपिंडं बंद पडतात. उतारा आहे, पण पहिल्या काही तासांतच. चाटलं असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका, डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा. पेट्रोल किंवा क्लीनर पोटात गेलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. ते वर येताना श्वासनलिकेत उतरतं, आणि मिठाचा त्रास वेगळाच.

लॉक-वायरचे तुकडे, केबल टायची टोकं, बिर्याणीच्या डब्यातली हाडं आणि कांदा, हे सगळं तिथं जमिनीवरच असतं. निघण्याआधी रेबीज आणि पार्व्होची लस पुरी हवी, गोचिडांचं औषध हवं. प्रत्येक पॅडॉकला त्याची स्वतःची भटकी कुत्री असतात.

हरणी वाचली. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. पुढची सात वर्षं तिला मोजून खाणं, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. आईनं गुडघे बांधून तिचं सगळं केलं. ज्या आईला त्रास नको म्हणून मी हरणीला ट्रॅकवर नेलं, तीच आई पहाटे उठून तिच्यासाठी भाताची पेज करायची. टेम्पोचं मागचं शटर वाजलं की हरणी दारात येऊन उभी राहायची. केबिनचं दार उघडलेलं दिसलं की मात्र दोन पावलं मागं सरायची. २०२३ च्या पावसाळ्यात ती गेली. मागच्या शेवग्याखाली आहे.

मागच्या सीझनला सांगलीच्या एका पोरानं मला हाच प्रश्न विचारला. त्याचं कुत्रं गावठी, काळं, दोन वर्षांचं. घरी ठेवायला कुणी नव्हतं, सांभाळणाऱ्याकडे ठेवलं तर खात नव्हतं. मी त्याला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुझ्याबरोबर कोण येणार?" त्यानं विचार केला आणि धाकट्या बहिणीला घेऊन आला. कॉलेजात शिकणारी मुलगी, गाड्यांची अजिबात आवड नाही. मी तिला थर्मामीटर दाखवला, पालथा हात जमिनीवर ठेवून दाखवला आणि सांगितलं, "ताई, तू भावाला काही विचारत बसू नको. तुला वाटलं की निघायचं."

रविवारी दुपारी शर्यत संपली, पोरगं तिसरं आलं. हेल्मेट काढून ते कॅनोपीखाली आलं आणि इकडं-तिकडं बघायला लागलं. जमिनीवर ताडपत्रीचा ओला चौकोन, रिकामी बादली. बहीण साडेदहालाच कुत्र्याला घेऊन खोलीवर गेली होती. त्याला पत्ताही नव्हता.